वस्तीत राहायला गेलेली मंडळी

(मुंबईतल्या मराठी मंडळ्यांच्या तरुण संघांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पाळकसाहेब, मंडळीतले वडीलजन आणि तरुण संघाच्या बंधू-भगिनींनो, सर्वांना सलाम.

शहरातल्या गरीब वस्तीत नवी मंडळी, म्हणजे ख्रिस्ती उपासकांचा समुदाय, कशी उभी राहते आणि तिथल्या तरुण मुलांमध्ये काम कसं करायचं, यावर मी बोलावं असं तुम्ही कळवलंत. मी आज एका माणसाचीच हकीकत जरा सविस्तर सांगणार आहे. तोयोहिको कागावा हे त्याचं नाव, आणि गाव जपानमधलं कोबे.

१८८८ सालचा त्याचा जन्म. आई गेइशा, म्हणजे नाचगाण्याची कलावंतीण; वडिलांची लग्नाची बायको दुसरीच. चार वर्षांचा असताना आई-वडील दोघंही गेले, आणि पोर तोकुशिमाला सावत्र आईच्या घरी वाढलं. त्या घरात त्याला कुणी आपलं म्हटलं नाही. इंग्रजी शिकायच्या निमित्तानं तो मिशनरी साहेबांकडे जाऊ लागला आणि १९०४ साली त्याचा बाप्तिस्मा झाला. घरच्यांनी खर्चाचा हात आखडता घेतला. पुढे सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात असताना क्षयानं गाठलं; आपण फार वर्षं काढणार नाही असं तो स्वतःच धरून चालला होता. उरलेले दिवस कुठं घालवायचे याचं उत्तर त्यानं २४ डिसेंबर १९०९ ला दिलं. नाताळच्या आदल्या दिवशी हातगाडीवर अंथरूण, कपडे आणि पुस्तकं टाकून हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी कोबेच्या शिनकावा झोपडपट्टीत राहायला गेला.

राहायला गेला, यावर मी पुन्हा पुन्हा येणार आहे. तिथं प्रचार त्याच्या आधीही होत होता, तो स्वतःही रस्त्यावर उभा राहून सुवार्ता सांगून परत येत असे. फरक पडला तो बिऱ्हाड हलवल्यावर.

शिनकावा म्हणजे बंदराच्या शहराची मागची बाजू. गोदीतले हमाल, कचरा वेचणारे, भिकारी, जुगारी, शरीरविक्रय करणाऱ्या बायका. चाळीच्या ओळीच्या ओळी, आणि त्यांतल्या कित्येक खोल्या जेमतेम सहा फूट लांब, सहा फूट रुंद. पाच-सहा माणसांचं कुटुंब तेवढ्यात. कागावाला मिळालेली खोली त्यामानानं मोठी होती आणि भाडं कमी, कारण तिथं खून झाला होता. भुताच्या भीतीनं कुणी ती घेत नव्हतं.

पहिल्याच काही दिवसांत त्याच्याकडे माणसं राहायला आली. एकाच्या अंगभर खरूज. एक दारूडा. एक खुनाची शिक्षा भोगून सुटलेला, त्याला रात्री मेलेला माणूस दिसायचा, म्हणून तो कागावाचा हात धरून झोपायचा. ज्या खोलीत खून झालाय तिथंच हा माणूस हात धरून झोपतोय, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. अशाच सोबतीतून कागावाला खुपऱ्या झाल्या. डोळ्यांचं ते दुखणं त्याला जन्मभर पुरलं, शेवटी तर अक्षरं दिसेनाशी होत. पैशासाठी आलेल्या एका गुंडानं त्याचे पुढचे दात पाडले. तो खोली सोडून गेला नाही.

आता मंडळीचं. रविवारची उपासना तो अगदी पहाटे घेत असे, कारण त्यानंतर माणसं कामाच्या शोधात बाहेर पडायची. आपल्याकडे अजूनही वस्तीतली उपासना सकाळी साडेनऊला ठेवतात आणि मग माणसं येत नाहीत म्हणून प्रार्थना करतात. नाक्यावर उभा राहणारा मजूर आठला गेलेला असतो. वेळ त्याच्या दिवसावरून ठरवायला हवी. मुलांची शब्बाथशाळा, म्हणजे रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग, रात्रीचे वर्ग, आजाऱ्यांसाठी औषध, हे सगळं त्याच खोलीत आणि मग शेजारच्या एक-दोन खोल्यांत. १९१२ साली त्यानं स्वस्त जेवणाची खानावळ काढली, ती काही महिन्यांतच बंद पडली. उधारी कुणी फेडेना. हेही सांगायला हवं, कारण आपल्या कार्यअहवालांत बंद पडलेल्या गोष्टींना जागाच नसते.

मुलांबद्दल एक गोष्ट सांगतो. शिनकावात तान्ह्या मुलांचा एक भयंकर व्यवहार चाले. नको असलेलं मूल थोड्या पैशांसह कुणाच्या तरी हवाली करायचं. तो त्यातले थोडे पैसे ठेवून मूल पुढच्याला देई. पुढचा त्याच्याही पुढच्याला. शेवटच्या हातात मूल येई तेव्हा पैसे संपलेले असत, आणि ते उपासमारीनं मरे. कागावानं त्या वस्तीत अशा मुलांचे अंत्यविधी केले. असंच एक अर्धमेलं बाळ त्यानं स्वतःच्या खोलीत आणलं आणि परीक्षेचा अभ्यास करता करता रात्रभर दूध पाजत बसला. एकवीस-बावीसचं वय. इथं बसलेल्या निम्म्या मुलांचं आहे तेच.

त्याची बायको हारू हिच्याबद्दल कमी बोललं जातं, ते बरोबर नाही. ती छापखान्यातली कामगार. तिथं त्याचा उपदेश ऐकून वस्तीतल्या कामात आली, १९१३ साली दोघांचं लग्न झालं आणि ती त्याच खोलीत नांदायला आली. तिलाही खुपऱ्या झाल्या, एका डोळ्याची दृष्टी गेली. पुढे कामगार स्त्रियांची संघटना उभारण्यात ती पुढे होती. आपल्या मंडळ्यांत वस्तीकामाचं आयोजन पुरुष करतात आणि घरोघर जातात त्या आपल्या महिला मंडळातल्या बाया. नाव कुणाचं छापायचं, ते एकदा ठरवून टाका.

१९१४ ते १९१७ कागावा अमेरिकेत होता, प्रिन्स्टनच्या सेमिनरीत शिकला. अमेरिकेतच, न्यूयॉर्कमध्ये, त्यानं कामगारांचा एक प्रचंड मोर्चा पाहिला आणि त्याच्या विचारानं वळण घेतलं. एकेका भुकेल्याला भात वाढून शिनकावा संपणार नाही. रोज नवे भुकेले तयार करणारी व्यवस्था आहे, आणि ती बदलायची तर कष्टकऱ्यांनी स्वतः एकत्र यायला हवं. परत आला तो थेट पुन्हा झोपडपट्टीत, आणि कामगार संघटनांच्या कामात. १९२१ साली कावासाकी आणि मित्सुबिशी यांच्या कोबेतल्या गोद्यांमध्ये तीस हजारांहून अधिक कामगारांचा संप झाला, त्याच्या पुढाऱ्यांत तो होता. अटक झाली. संप हरला. त्याच वर्षी कोबेत त्याच्या प्रेरणेनं ग्राहकांची सहकारी संस्था निघाली, ती आज पंधरा लाखांहून अधिक सभासदांची आहे. पुढच्या वर्षी शेतकऱ्यांची संघटना. स्वतःच्या आयुष्यावर त्यानं लिहिलेली कादंबरी १९२० मध्ये आली आणि तुफान खपली. तिचे पैसे याच कामांत गेले.

आता एक कठीण गोष्ट. ती टाळून कागावाचं कौतुक करणं मला पटत नाही. शिनकावात राहणाऱ्यांपैकी बरेच लोक बुराकू समाजातले होते. जपानमध्ये जन्मावरून ज्यांना विटाळ मानत, तो हा समाज. १९१५ साली गरिबांच्या मानसिकतेवर लिहिलेल्या पुस्तकात कागावानं या लोकांविषयी, त्यांच्या वंशाविषयी अत्यंत अपमानकारक विधानं केली. ज्यांच्या उशाशी झोपला, त्यांच्याबद्दलच. १९२२ मध्ये त्या समाजानं सुइहेइशा ही स्वतःची संघटना उभी केली आणि आपला सन्मान आपण मिळवू, कुणाची दया नको, अशी भूमिका घेतली. दोनच वर्षांनी, २० जुलै १९२४ ला, बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या पणजोबांनी ख्रिस्त स्वीकारला तो गावकुसाबाहेरून. म्हणून हे आपल्याला अधिक लागायला हवं. शेजारी राहूनही माणूस शेजाऱ्याला खालचा समजू शकतो. वस्तीत जाणाऱ्या प्रत्येकानं स्वतःच्या बोलण्यातला ‘ती लोकं’ हा शब्दप्रयोग आधी तपासावा.

दुसरं उदाहरण आपल्या मुंबईचं. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ साली मुंबईत आली, तो इतिहास तुम्हाला पाठ आहे. त्याच मिशननं १९२६ मध्ये नागपाड्यात, कामाठीपुऱ्याला लागून, नागपाडा नेबरहूड हाउस हे समाजकेंद्र सुरू केलं. क्लिफर्ड मॅनशार्ट त्याचे पहिले संचालक. शिकागोत धर्मशास्त्र शिकून आलेले. आजूबाजूला मुसलमान, हिंदू, यहुदी, ख्रिस्ती, सगळे. गर्दी, गरिबी, आणि धर्माच्या नावानं पेटणारी भांडणं. या घराचं दार सर्वांना उघडं होतं, आणि तिथं येणाऱ्याला धर्म बदलायला सांगितलं जात नव्हतं. काम करता करता मॅनशार्ट यांच्या लक्षात आलं की वस्तीत काम करायला नुसतं चांगलं मन पुरत नाही, शिक्षण लागतं. त्यातून सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीनं १९३६ मध्ये समाजकार्याचं पदवी विद्यालय सुरू झालं, त्याच नागपाड्याच्या घरात. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. नागपाड्याच्या गल्ल्यांत बास्केटबॉल रुजला त्यातही या घराचा वाटा आहे. भारताचा कर्णधार झालेला आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारा अब्बास मुंतसिर याच नागपाड्याचा. मैदान, चेंडू आणि संध्याकाळी दिवा लावून थांबणारं कुणीतरी मोठं माणूस, एवढ्यानं पोरं गल्लीतून कुठवर जातात ते बघा.

आपल्यातले काही जण विचारतात, यातून बाप्तिस्मे किती झाले? मला हा प्रश्न त्या घराच्या बाबतीत गैरलागू वाटतो. मदतीला अट घातली की ती सुवार्ता उरत नाही, सौदा होतो. गहू-तांदूळ देऊन बाटवलं, हा आरोप आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतोय, आणि त्याला एकच उत्तर आहे: जो कधीच चर्चला येणार नाही अशा मुलालाही तोच वर्ग, तोच चहा, तीच आपुलकी.

तरीही मी नागपाड्यापाशी थांबत नाही. मला शिनकावाचा मार्ग अधिक जवळचा वाटतो, आणि का ते सांगतो. कागावानं आपला विश्वास लपवला नाही आणि लादलाही नाही. पहाटे प्रार्थना करणारा आणि रात्री औषध देणारा माणूस एकच आहे, हे सगळ्या चाळीला दिसत होतं. ज्याला पहाटे यावंसं वाटलं तो आला. ‘शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली,’ असं योहान लिहितो. कागावानं ते अक्षरशः घेतलं. तिथली मंडळी लहानच होती, पण ती त्या गल्लीतल्याच लोकांची होती.

आता आपलं गोवंडी-मानखुर्द. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा महापालिकेचा एम-पूर्व विभाग शहरात सगळ्यांत खाली होता. देवनारचं डंपिंग ग्राउंड शेजारीच, आणि १९५४ पासून टाटा संस्थाही तिथंच देवनारला. गेल्या वर्षी एका मंडळीनं या भागात चार दिवसांचं युवा शिबिर घेतलं. मांडव, गिटार, ड्रम, बाहेरचे वक्ते, शेवटच्या दिवशी बिर्याणी. मुलं भरपूर आली. मी पाहुणा म्हणून गेलो होतो. शेवटच्या संध्याकाळी भंगाराच्या दुकानात काम करणारा एक मुलगा प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन माझ्याजवळ आला. शाळा सुटलेली, दहावीला बाहेरून बसायचं होतं, १७ नंबरचा फॉर्म भरायचा होता. शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि फोटो सोबत होते, पण दाखल्यावरचं आडनाव आणि आधारवरचं आडनाव जुळत नव्हतं. बुधवारपर्यंत कुणी सोबत शाळेत यावं, एवढीच त्याची मागणी. सोमवारी मांडव उतरला. स्वयंसेवक ठाण्याला, वसईला, पुण्याला आपापल्या घरी गेलेले. पुढे एका शिक्षिकेनं त्याचं काम केलं. त्या बाई ख्रिस्ती नाहीत, त्याच गल्लीत राहतात.

त्या मुलाला गाण्याची गरज नव्हती असं मी म्हणत नाही. गाणं त्याला आवडलंच होतं, पहिल्या रांगेत बसून तो गात होता. पण बुधवारी त्याच्यासोबत चालायला जो असतो, त्याचंच तो रविवारी ऐकतो.

म्हणून या वर्षी शिबिराचा खर्च बाजूला ठेवावा, असा माझा आग्रह आहे. त्या पैशांत वस्तीत एक खोली अकरा महिन्यांच्या करारावर मिळते, डिपॉझिट धरून. तिथं तुमच्यापैकी दोघांनी किंवा तिघांनी राहायला जायचं. नोकरी सोडायची नाही. वस्तीतले सगळेच कामाला जातात, तुम्हीही जा. संध्याकाळी अभ्यासवर्ग, फॉर्म आणि कागदपत्रांचं काम, रविवारी पहाटे साडेसहाला उपासना. सहा महिन्यांत वर्गाची चावी तिथल्याच मुलांकडे द्या, हिशेबाची वहीसुद्धा. बचत गट काढायचा की क्रिकेटची टीम, ते त्यांना ठरवू द्या. मुलींसाठी वेगळी वेळ आणि सोबत आपल्या महिला मंडळातल्या दोघी, हे पहिल्या दिवसापासून हवं. आजारपण येईल, पाणी येणार नाही, शेजारी संशय घेतील आणि तो घेण्याचा त्यांना हक्क आहे. मंडळीनं तुमच्या आरोग्य विम्याची सोय आधी करावी. कागावाला कुणी केली नव्हती.

डिपॉझिटसाठी दानार्पणातून किती देता येईल, ते पंच कमिटीनं सांगावं. राहायला कोण जाणार, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत सेक्रेटरींकडे नावं द्यावीत. मी दुपारी तिथंच बसणार आहे. ज्यांच्या आई-वडिलांची हरकत असेल त्यांच्याशी बोलायला मी घरी यायला तयार आहे.