आर्क्टिकच्या खडकांचे वय आणि सूक्ष्मजीवाश्म

मंडळी, आपल्या ग्वाल्हेरचा किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे, तिचा विंध्य वालुकाश्म हा गाळाचा खडक आहे. अशा खडकातील झिरकॉन या खनिजाच्या कणांचे वय मोजले, तर ते ज्या जुन्या खडकातून झिजून आले त्याचे वय कळते. गाळ साचला तो काळ त्यातून थेट मिळत नाही. आर्क्टिकमध्येही हीच अडचण आहे, आणि तेथे आपला आधार असतो सूक्ष्मजीवाश्मांचा.

समुद्रतळावरील चुनामय कवचे कालगणनेला फार उपयोगी पडतात, परंतु आर्क्टिकच्या पुष्कळ थरांत ती विरघळून गेलेली असतात. म्हणून संशोधक सेंद्रिय भिंतीचे अवशेष शोधतात: परागकण, बीजाणू आणि डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवांचे कोष. खडकाचा चुरा आधी हायड्रोक्लोरिक आणि मग हायड्रोफ्लोरिक आम्लात ठेवला की कार्बोनेटे आणि सिलिकेटे निघून जातात, आणि हे कोष तेवढे उरतात. हायड्रोफ्लोरिक आम्ल अतिशय घातक असल्याने हे काम धीराचे आणि जोखमीचे आहे, आणि ते करणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

2004 साली उत्तर ध्रुवापासून सुमारे 250 किलोमीटरवर, लोमोनोसोव्ह या समुद्राखालील पर्वतरांगेवर, समुद्रतळाखाली चारशे मीटरहून अधिक खोल वेधन झाले. त्या गाळात अपेक्टोडिनियम या डायनोफ्लॅजेलेटचे कोष विपुल सापडले. उबदार पाण्यातला हा जीव सुमारे 5.6 कोटी वर्षांपूर्वीच्या तापमानवाढीत जगभर फोफावल्याचे इतर ठिकाणच्या थरांवरून आधीच ठाऊक होते, त्यामुळे ध्रुवाजवळचा तो थर ओळखता आला. त्याच्या वर, सुमारे 4.9 कोटी वर्षांपूर्वीच्या गाळात, अझोला या गोड्या पाण्यातील नेच्याचे अवशेष भरपूर मिळाले.

मात्र जुन्या खडकातून सुटलेला कोष नव्या गाळात मिसळला, तर तो थर आहे त्याहून जुना भासतो. अशा कणाचा रंग पुष्कळदा अधिक काळवंडलेला असतो, कारण त्याने आधीच्या खडकात जास्त उष्णता सोसलेली असते. म्हणून एका कणावर भरवसा न ठेवता सगळा समुदाय पाहावा लागतो.

आणखी एक मर्यादा अशी की जीवाश्म क्रम सांगतो, आकडा सांगत नाही. कॅनडाच्या आर्क्टिकमधील सॉमरसेट बेटावर सापडलेला बँगिओमॉर्फा हा तांबड्या शैवालाचा जीवाश्म ज्या खडकात आहे, त्याचे वय दीर्घकाळ 126.7 कोटी आणि 72.3 कोटी वर्षे या दोन टोकांमध्येच कोठेतरी धरावे लागत होते, आणि त्या शैवालाला साधारण 120 कोटी वर्षे जुने म्हटले जाई. पुढे बॅफिन बेटावरील संबंधित शेल या चिखलापासून बनलेल्या खडकांवर रेनियम-ऑस्मियम या किरणोत्सारी क्षयावर आधारित पद्धतीने मोजमाप झाले आणि 2018 साली सुमारे 104.7 कोटी वर्षे हे वय प्रसिद्ध झाले. या एका बदलाने, केंद्रक असलेल्या पेशींच्या जीवांचा वंशवृक्ष कालबद्ध करण्यासाठी वापरला जाणारा एक प्रमुख टप्पा सुमारे 15 कोटी वर्षे अलीकडे सरकला.