खिळा घावला तर सांगा

(दृश्य: सुभाषनगर, कोल्हापूर. सकाळ. रापीखाली कातडं.)

बाभळीची साल आणि हिरडा. यांच्या पाण्यात मुरलेलं हे म्हशीचं कातडं. रापी साच्याच्या कडेनं फिरते, तळ कापला जातो. थरावर थर बसतो. आरीनं भोक पाडायचं, त्यातून चामड्याचीच वादी ओढून घ्यायची. दोन थरांच्या मधे 'विंचू' नावाचं बी बसवलं की कोल्हापुरी चप्पल चालताना वाजते.

(दृश्य: मावशींची बोटं, जवळून.)

वरच्या पट्ट्याची वेणी बकरीच्या मऊ चामड्याची. मावशी ती घालताना खाली बघतही नाहीत.

आज दुपारी त्यांना खरेदीदारांसमोर बोलायचंय. पाच मिनिटांत.

(दृश्य: लॅपटॉप, भाचा, चहाचे कप.)

भाच्यानं रात्र जागून स्लाइड केल्यात. पहिल्या स्लाइडवर बचत गटाचं नाव, दुसरीवर स्थापना, तिसरीवर आभार. मावशी वाचून दाखवतात. घड्याळ लावून बघितलं, तर चपलेचं नाव यायलाच सव्वा मिनिट गेला. आपल्याकडे बोलायला उभं राहिलं की आधी मान्यवर, मग आभार, मग स्वतःची ओळख. ती रीत सत्काराला शोभते. विकायला आलेल्या माणसाचा पहिला अर्धा मिनिट फार मोलाचा. तो त्याच्या मालालाच मिळायला हवा.

भाचा म्हणतो, मग मिलानपासून सुरू करू. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं तिथल्या फॅशन शोमध्ये याच घाटाच्या चपला दाखवल्या, कोल्हापूरचा उल्लेख न करता. मोठा गदारोळ झाला. खरं तर २०१९ मध्येच या चपलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे ती याच भागाची असल्याची सरकारी नोंद, मिळालंय: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे. हे सगळं सांगायलाच हवं. पण सुरुवातीला सांगितलं, तर ऐकणारा प्राडाचा विचार करत बसेल आणि मावशींची चप्पल पिशवीतच राहील.

मावशी बराच वेळ गप्प. मग विचारतात, "त्यास्नी हातात दिली तर?"

लॅपटॉप मिटला.

मग तालीम सुरू झाली, चालण्याची. दारापासून चुलीपर्यंत, परत दारापर्यंत. नवी चप्पल जास्त वाजते, म्हणून नवीच घालायची. थांबायचं कुठे, काढायची कशी, कुणाच्या हातात द्यायची. बोलायचं वाक्य एकच. मावशींनी ते आपल्या बोलीतच ठेवलं; भाच्यानं दोनदा शुद्ध करून दिलं, त्यांनी दोन्ही वेळा नकारार्थी मान हलवली. हे बरंच झालं. घोकलेल्या वाक्यात माणूस अडखळतो, रोजच्या बोलण्यात सहसा नाही.

(दृश्य: सभागृह. लांब टेबल. आधीच्या वक्त्याची स्लाइड अजून पडद्यावर.)

(इथे निवेदन नाही. फक्त चपलेचा आवाज: कर्र, कर्र. टेबलामागच्या माना वर होतात.)

मावशी थांबतात. उजव्या पायातली चप्पल काढतात, पदरानं पुसतात, मधल्या खुर्चीतल्या गृहस्थांच्या हातात देतात.

"उलटी करून बघा, साहेब. खिळा घावला तर सांगा."

(दृश्य: चप्पल हातोहात फिरते. कुणी वाकवून बघतं, कुणी वास घेतं.)

खिळा नाहीच. ते शोधताना प्रत्येकाची बोटं वादीवरून फिरली, थरांवरून फिरली, वेणीवर येऊन थांबली. मग प्रश्न त्यांच्याकडूनच आले: शिवलंय कशानं? एका जोडाला दिवस किती? पावसात चालेल? मावशी शेवटच्या प्रश्नाला सरळ 'नाही' म्हणाल्या, आणि का ते कातड्याच्या भाषेत सांगितलं. मानांकनाची गोष्ट या ओघात आली, चौथ्या मिनिटाला.

नमुन्याचे काही जोड मागवलेत. दराचं बोलणं व्हायचंय.

(दृश्य: संध्याकाळ. सुभाषनगर. उंबऱ्याशी नव्या चपलेचा जोड. आत आरीचा आवाज.)