वेग ठरवा, मग पंख निवडा

सगळ्यांत चांगला पंख कोणता, असं मला नेहमी विचारलं जातं. माझा उलट प्रश्न एवढाच असतो, की विमान किती वेगाने उडवायचं आहे? ते ठरलं की निम्मी निवड तिथेच होते.

जेट विमानांचे पंख मागे झुकलेले का असतात, ते आधी पाहू. विमान ध्वनीच्या वेगाजवळ पोचतं तेव्हा पंखाच्या फुगीर पाठीवरून जाणारी हवा विमानाच्या आधीच ध्वनिवेग ओलांडते. तिथे आघात-तरंग उठतात आणि हवेचा अडथळा, म्हणजे ड्रॅग, एकदम वाढतो. पंख मागे झुकवला की त्याच्या कडेवर काटकोनात येणाऱ्या हवेचा वेग घटतो आणि हे संकट पुढे ढकललं जातं. जर्मनीच्या अडॉल्फ बुसेमान यांनी १९३५ साली रोमच्या परिषदेत झुकलेल्या पंखाची कल्पना मांडली, तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. तेवढ्या वेगाची विमानंच नव्हती ना! १९४५ मध्ये जर्मन संशोधनाचे कागद अमेरिकेच्या हाती लागले आणि बोइंगने बी-४७ या बॉम्बफेकी विमानाचे सरळ पंख रद्द करून ते ३५ अंश मागे झुकवले.

पण याचे तोटे गंभीर आहेत. अशा पंखावर हवा टोकांकडे सरकते, म्हणून टोकं आधी स्टॉल होतात, म्हणजे तिथला हवेचा प्रवाह पंखापासून सुटतो आणि विमानाला वर उचलणारं बल, म्हणजे लिफ्ट, एकदम घटतं. टोकं विमानाच्या गुरुत्वमध्याच्या मागे असल्याने तिथली लिफ्ट गेली की नाक आणखी वर जातं आणि स्टॉल बळावतो. विमान डावी-उजवीकडे कलवणारे एलरॉनही नेमके टोकांजवळच! मिग-१५ या सोव्हिएत लढाऊ जेटच्या पंखांवरच्या उभ्या पट्ट्या हवेचं हे सरकणं रोखण्यासाठीच होत्या.

मग पंख पुढे झुकवावा का? मग हवा मुळाकडे, म्हणजे पंख जिथे धडाला जोडलेला असतो तिकडे वळते, एलरॉन शेवटपर्यंत हाताशी राहतात. मला ही रचना मनापासून आवडते. अडचण अशी, की लिफ्टने पंख वाकला की त्याचं टोक पिळलं जाऊन समोरून येणाऱ्या हवेशी त्याचा कोन वाढतो, त्यामुळे लिफ्ट वाढते, पंख अजून पिळतो, आणि एका वेगापुढे तो मोडतो. धातूचा पंख तेवढा ताठ करायचा तर फार जड होतो. १९८४ साली उडालेल्या एक्स-२९ या अमेरिकी प्रायोगिक विमानात कार्बन तंतूंचे थर अशा दिशांनी रचले, की पंख वाकताना तो पीळ आवरला जावा. प्रयोग साधला, तरी रचना रुळली नाही.

एफ-१४ या अमेरिकी लढाऊ विमानाचे पंख उडता उडता २० ते ६८ अंशांपर्यंत मागे सरकत. उतरताना पसरलेले, वेगात मिटलेले. पण पंखाचा सगळा भार पेलणारा सांधा आणि त्याची यंत्रणा यांचं ओझं प्रत्येक उड्डाणात वाहावं लागे. नव्या लढाऊ विमानांनी हा मार्ग सोडला, आणि माझ्या मते ते योग्यच झालं.

त्रिकोणी डेल्टा पंख भक्कम असतो, इंधनाला भरपूर जागा देतो. मात्र कमी वेगात लिफ्टसाठी नाक खूप उचलावं लागतं. डेल्टा पंखाच्या कॉन्कॉर्ड या प्रवासी विमानाच्या वैमानिकांना धावपट्टी दिसावी म्हणून विमानाचं पुढचं नाकच खाली झुकवायची सोय केली होती.

पंख वर असावा की खाली, हे कामावरून चटकन ठरतं. मालवाहू विमानात तो वर असतो, म्हणजे पोट जमिनीलगत येऊन सामान चढवणं सोपं होतं. प्रवासी जेटमध्ये तो खाली असतो, चाकं पंखाच्या मुळाशी दुमडता येतात.

राहिली लांबी. लांब, अरुंद पंखाला लिफ्टपोटी कमी ड्रॅग सोसावा लागतो, म्हणून ग्लायडरचे पंख तसे असतात. पण लांबीबरोबर मुळावरचा ताण वाढतो आणि प्रवासी विमानाला विमानतळावर जागाही हवी. बोइंग ७७७-९चे पंख हवेत सुमारे ७२ मीटर पसरतात. उतरल्यावर त्यांची टोकं वर दुमडली जातात आणि रुंदी ६५ मीटरच्या आत येते, कारण बऱ्याच विमानतळांवर मोठ्या विमानांच्या उभं राहायच्या जागा तेवढ्याच मापाच्या आहेत.