गल्ल्यावरची लेखिका

(दृश्य: फलटणची बाजारपेठ, दुपारची वेळ.)

फलटणमधलं एक छोटं किराणा दुकान. गल्ल्यावर एक बाई. गिऱ्हाईक आलं की मीठ, तेल, डाळ तोलून द्यायच्या. नवरा माल आणायला बाहेर पडला आणि दुकानात सामसूम झाली, की कागद पुढे ओढून लिहायला लागायच्या. लिहिलेलं घरात ठेवायचं ते धुळीच्या, कुणाचा हात जाणार नाही अशा कोपऱ्यात. नवऱ्याला कळू द्यायचं नाही, मुलालाही नाही. असं जवळजवळ वीस वर्षं चाललं.

या बेबीताई कांबळे. जन्म १९२९चा, पुरंदर तालुक्यातल्या वीरगावचा, आजोळी. शाळा चौथीपर्यंत, लग्न तेराव्या वर्षी. नवऱ्याला काम मिळेना, तेव्हा धंदा करूया हे त्यांनीच सुचवलं. आधी सुटी द्राक्षं विकली, मग भाजी, मग किराणा. पुड्या बांधायला रद्दी यायची; ती त्या आधी वाचायच्या, मग फाडायच्या. पुढे वाचनालयाच्या सभासदही झाल्या.

(दृश्य: रद्दीचा गठ्ठा. जुनी वर्तमानपत्रं.)

लेखक का लिहितो, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: मन मोकळं करायला. नाव व्हावं म्हणून, असंही काही जण प्रामाणिकपणे सांगतात. बेबीताईंना यातलं एकही उत्तर लागू पडत नाही. नाव हवं असणारा माणूस इतकी वर्षं कागद लपवत नाही. आणि मन मोकळं करायचंच असतं, तर त्यांच्या लिहिण्यात त्या स्वतः कितीतरी जास्त दिसल्या असत्या.

दिसतो तो महारवाडा. आषाढातले सणाचे दिवस, घरच्या थोरल्या मुलाला देवाला सोडून त्याचा केलेला पोतराज, उपाशी बाळंतिणी, लाकडाचा भारा घेऊन गावात विकायला जाणाऱ्या बाया. आणि खोडा. सासर सोडून पळू पाहणाऱ्या सुनेच्या पायात भोक पाडलेला लाकडी ओंडका अडकवायचे. तो ओढत तिनं घरकाम करायचं. पाय रक्तबंबाळ व्हायचे. गावानं केलेला जुलूम लिहिणं अवघडच, पण आपल्याच माणसांनी सुनांचं काय केलं, तेही त्याच शाईनं लिहायला फार मोठी छाती लागते.

हे सगळं नोंदवावंसं का वाटलं? बाबासाहेब आंबेडकर जेजुरीला बोलले होते: मुलांना शिकवा. बायांनी ते मनावर घेतलं. मुलं शिकली, नोकऱ्यांना लागली, शहरात गेली, आणि त्यांतली काही मागचं विसरू लागली. बेबीताईंना ते सहन होत नव्हतं. शिकलेल्यांवर त्यांनी लिहिलंय ते चांगलंच झोंबणारं आहे. पुढच्या पिढीला आपले आजी-आजोबा कसे जगले हे कळलंच पाहिजे, हा ध्यास. वाचणारे अजून लहान होते, काही जन्मालाही आले नव्हते. त्यामुळे छापणारं कुणी नाही, म्हणून लिखाण थांबवायचं कारणच नव्हतं.

(दृश्य: फलटण, शाळेतली मुलं.)

मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ फलटणला येऊन राहिल्या होत्या. लपवलेल्या लिखाणाची गोष्ट बेबीताईंनी त्यांना सांगितली आणि चक्रं हलली. ‘स्त्री’ मासिकात ते क्रमशः आलं. १९८६ साली ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक निघालं. माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००८ साली आला. बेबीताईंनी फलटणजवळ निंबुरे इथं मागास समाजातल्या मुलांसाठी निवासी शाळाही काढली. २०१२ साली त्या गेल्या.

माया पंडित यांनी त्यांची मुलाखत घेतली आहे, ती शोधून वाचावी अशी आहे. तिथं बेबीताई नवऱ्याच्या मारहाणीबद्दल, त्याच्या संशयाबद्दल बोलतात. ज्याच्या धाकानं कागद लपवले, त्याचा हा सगळा जाच पुस्तकात जवळपास आलेलाच नाही. का नाही, तर समाजाचं सोसणं तेच आपलं सोसणं होतं, त्यापासून वेगळं काढून स्वतःकडे पाहणं आपल्याला अवघड जातं, अशा अर्थाचं त्या सांगतात.