काबूलमधला घुमट

हा घुमट बघा. काबूलच्या दारुल अमान भागातली ही अफगाणिस्तानची संसद, आणि ही बांधून दिलीय भारताने, साधारण ९ कोटी डॉलर खर्चून, सीपीडब्ल्यूडीकडून, म्हणजे आपल्याकडे सरकारी ऑफिसं आणि क्वार्टर्स बांधतं तेच खातं.

जवळच जो महाल दिसतोय ना, तो दारुल अमान पॅलेस, यादवी युद्धात तोफांनी पार खिळखिळा झालेला, आणि नेमकी त्याच्याजवळची जागा संसदेसाठी ठरली. ऑगस्ट २००५, मनमोहन सिंग काबूल दौऱ्यावर होते तेव्हा पायाभरणी झाली, आणि कोणाच्या हातून तर झहीर शाह यांच्या, १९७३ मध्ये गादी गेलेले अफगाणिस्तानचे शेवटचे राजे. लोकांच्या सभागृहाचा पहिला दगड राजाने बसवला! हा प्रसंग आपल्याकडे फारसा कोणी सांगतच नाही.

पुढे काम रेंगाळलं, दहा वर्षं गेली, शहरात स्फोट होतायत आणि इकडे बांधकाम चालू. २२ जून २०१५ ला तर तालिबानने जुन्या संसदेवरच हल्ला केला, तेही अधिवेशन सुरू असताना. सहा महिन्यांनी, २५ डिसेंबरला, ह्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं, मोदी आणि तेव्हाचे अफगाण राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी दोघंही होते, वाजपेयींचा वाढदिवस म्हणून एका भागाला अटल ब्लॉक नाव दिलं.

भारताने तिथे झरंज ते देलाराम २१८ किलोमीटरचा रस्ताही केला, सलमा धरणही केलं. पण रस्ता काय, हुकूमशहालाही बांधून देता येतो. संसद बांधून देताना आपण स्वतः काय मानतो ते उघड सांगावं लागतं, आणि भारताने ते परराष्ट्र धोरण म्हणून सांगितलं, कोणावर बंदूक न रोखता. दिल्लीत आपल्या निवडणूक आयोगाची संस्था २०११ पासून बाहेरच्या देशांच्या निवडणूक अधिकाऱ्यांना ट्रेनिंग देते, तेही ह्याच वाटेने चाललेलं काम.

१५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान काबूलमध्ये शिरले, संसद संपली, आपला दूतावास रिकामा झाला, २०२२ मध्ये टेक्निकल टीम परत गेली आणि २०२५ मध्ये पुन्हा दूतावास, तालिबान सरकारला मान्यता न देता. बोलावं तर लागतंच, पण बोलताना ह्या इमारतीचा विषय टेबलावर यायलाच हवा.

आता उद्घाटनाचं फुटेज परत बघा. कनिष्ठ सभागृहात तेव्हा २४९ जागा होत्या, त्यातल्या ६८ बायकांसाठी राखीव. ह्या बसल्यात त्या खासदार आहेत.

इथून पुढे निवेदन नाही.