यशोदेचा डावा हात

(टिनाची शेड. रात्रीचे साडेदहा. बाहेर भाद्रपदातला पाऊस. कॅमेरा एका मोठ्या हातावर.)

हा हात गणपतीच्या हलत्या देखाव्यातल्या यशोदेचा. कोपरापासून बोटांपर्यंत साडेतीन फूट. आत बांबूच्या कामट्या, वर कागदाचा लगदा, त्यावर डिस्टेंपर. आणि हा रंगवणारा दुसरा हात इंदूरच्या ललित कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीचा. तिचा चेहरा तुम्हाला दिसणार नाही, फक्त हात दिसतील. तशी तिची अटच होती. म्हणाली, "चेहरा दाखवलात तर रामबागेतल्या सगळ्या मावश्या आईकडे पत्रिका मागायला येतील."

अनंत चतुर्दशीला चार दिवस उरलेत.

(महाविद्यालयातला वर्ग. ईझल, प्लॅस्टरचे पुतळे.)

इंदूरमध्ये चित्रकला शिकायला आलेल्या मुलांना पहिल्या आठवड्यातच काही नावं ऐकावी लागतात. १९२७ साली दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी इथं चित्रकलेचं विद्यालय सुरू केलं. त्यांच्या हाताखाली नारायण श्रीधर बेंद्रे शिकले, मकबूल फिदा हुसेन शिकले, डी. जे. जोशी शिकले, विष्णू चिंचाळकर शिकले. ही नावं उच्चारताना शिक्षकांचा आवाज जरा बदलतो.

पण ही मंडळी शिकून बाहेर पडल्यावर पोटापाण्याचं काय करत होती, हे कुणी फारसं सांगत नाही. बेंद्रे काश्मीरला पर्यटकांच्या सरकारी कार्यालयात चित्रकार-पत्रकार म्हणून नोकरीला होते. १९५० साली वडोद्याला शिकवायला गेले ते त्यानंतर. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे, पुढे लहान मुलांची खेळणी आणि फर्निचर करायचे. चिंचाळकर गुरुजींनी तर वाळकी पानं आणि टाकाऊ वस्तूच हातात घेतल्या. आमच्या मुलीला या सगळ्यांत होर्डिंगवाले हुसेन सगळ्यात जवळचे वाटतात. घोडे रंगवणारे नाहीत. "माणसाचा डोळा माणसाएवढा रंगवताना बाजूला उभं राहून तो डोळा आहे हे कळतच नाही. त्यांना कसं कळायचं?" हा प्रश्न तिला वर्गात पडला होता. उत्तर शेडमध्ये मिळालं. त्याच्याकडे येऊच.

(वही. बॉलपेनची स्केचं. पानं उलटतात.)

आधी ही वही. दुसऱ्या वर्षाला असताना तिनं सराफ्यात बसून केलेली. सराफा दिवसा सोन्याचांदीचा आणि रात्री खाण्याचा, हे इंदूरकराला सांगायला नको. पण तिला दागिनेही नको होते आणि गराडूही नको होते. तिला हवी होती मधली वेळ. सोनार शटर ओढतोय, आणि त्याच्याच पायरीवर कुणीतरी कढई टेकवतंय. सोनार घाईत, कढईवाला त्याहून घाईत. पेन्सिल तिनं मुद्दाम नेली नाही, कारण मग खोडायची सवय लागते. या पानावर बघा, शटर ओढणाऱ्या माणसाला तीन हात आहेत. पहिला चुकला, दुसराही चुकला, तिसरा जमला. सरांनी प्रदर्शनात नेमकं हेच पान लावलं. तिला तेव्हा वाटलं, सर टोमणा मारतायत.

तिसऱ्या वर्षी शेजारच्या माळवी काकूंकडून ती गेरू आणि खडीचे मांडणे शिकली. आजी रुसली, म्हणाली, "माझी रांगोळी नाही दिसली तुला." तो प्रकल्प अर्धाच राहिला. अर्धवट आहे, पण बरा आहे.

(शहरातल्या रंगवलेल्या भिंती. रिक्षातून घेतलेलं दृश्य.)

मग पैशांची कामं. २०१७ पासून स्वच्छतेच्या यादीत इंदूर वर्षानुवर्षं पहिलं येतंय, आणि त्याचा एक परिणाम असा की शहरात कोरी भिंत उरली नाही. ठेकेदार चित्रकलेची मुलं घेतात, चौरस फुटावर पैसे देतात. तिनं एका उन्हाळ्यात एकच झाडू, एकच कचरापेटी आणि एकच हसरं कुटुंब सतरा वेळा काढलं. अठराव्या भिंतीवर कुटुंबातल्या बाबांच्या हातात झाडू दिला. ठेकेदारानं तो पुसून आईच्या हातात द्यायला लावला. पैसे मात्र वेळेवर मिळाले. एका कॅफेची भिंतही तिनं रंगवली. तिथं पैशांऐवजी "तुझं नाव होईल" असं ऐकायला मिळालं. त्याबद्दल ती बोलायला तयार नाही, आम्हीही ताणलं नाही.

(शेड. जुन्या लोखंडाचा ढीग, सायकलची चाकं.)

आणि मग ही शेड.

बाहेरच्या मराठी माणसाला झांकी म्हणजे काय ते सांगावं लागतं. मुंबईत गिरण्या होत्या, इंदुरात मिल होत्या. हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी. मिलच्या कामगारांच्या गणपतीचे हलते देखावे अनंत चतुर्दशीच्या रात्री ट्रॉल्यांवर चढतात आणि शहरातून निघतात, पुढे आखाडे, मागे झांक्या. मिल बंद पडल्या. हुकुमचंद १९९१ च्या डिसेंबरात बंद झाली, आणि कामगारांचं देणं चुकतं व्हायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. बत्तीस वर्षं. या सगळ्या काळात पगार नव्हता, यंत्रं नव्हती, पण झांकी निघत होती. वर्गणीतून, कुणाकुणाच्या मदतीतून. का, असं आम्ही एका म्हाताऱ्या कामगाराला विचारलं. त्यांनी आमच्याकडे असं बघितलं की कॅमेरा बंद करावासा वाटला.

(मोटर. पट्टा. सायकलचं पेडल.)

हे दाजी. मिलमध्ये फिटर होते. मराठी, माळवी आणि हिंदी एकाच वाक्यात बोलतात. यशोदा ताक घुसळते आणि कृष्ण मागून डोकावतो, असा यंदाचा देखावा. आता अडचण बघा. मोटर गोल फिरते, तीही मिनिटाला १४४० वेळा. यशोदेचे हात मात्र पुढे-मागे जायला हवेत, आणि दोन सेकंदांत एकदा, नाहीतर ती ताक घुसळतेय की मिक्सर चालवतेय कळणार नाही. दाजींनी मोटरवर दोन इंची पुली लावली आणि पट्टा चोवीस इंची चाकावर घेतला. वेग बारापट उतरला. त्याच दांड्यावर चार इंची पुली, तिथून सोळा इंची चाक. आणखी चौपट. १४४० चे झाले ३०.

राहिले हात. तिथं दाजींनी सायकलची पेडलं जोडली. एक पेडल वर असतं तेव्हा दुसरं खाली, म्हणून एक हात दोरी ओढतो तेव्हा दुसरा सोडतो. मोटर सुरू झाली. यशोदा घुसळायला लागली. मुलगी रंगाचा डबा तसाच धरून बघत राहिली. शटरवाल्याचे तीन हात आठवले, असं नंतर म्हणाली.

(यशोदेचा चेहरा, जवळून. मग खूप लांबून.)

तिची स्वतःची फजिती चेहऱ्यावर झाली. दोन रात्री बसून तिनं यशोदेच्या गालावर अगदी पोर्ट्रेटच्या तासाला करतात तशी हलकी छटा चढवली. ट्यूबलाइटखाली सुंदर दिसत होती. दाजींनी हॅलोजन लावला आणि तिला रस्त्याच्या पलीकडे नेऊन उभं केलं. चेहरा पार सपाट, भाकरीसारखा. त्यात विजेवाल्यानं हिरवा दिवा टाकला आणि यशोदेचं लाल लुगडं काळं पडलं. लाल रंगाकडे हिरव्या उजेडात परत पाठवायला काही नसतं, हे तिला पुस्तकातून माहीत होतं. लुगडं काळं पडताना पाहिलं नव्हतं.

"बेटा," दाजी म्हणाले, "नाक कोण बघतो? पब्लिक हलता हात बघते."

तिनं भुवया बोटभर जाड केल्या. नाकाच्या बाजूला सरळ तपकिरी पट्टा ओढला. खालच्या ओठाखाली जवळजवळ काळी रेघ. जवळून यशोदा भयंकर दिसायला लागली, रामलीलेतल्या राक्षसिणीसारखी. पलीकडच्या फुटपाथवरून ती हसत होती. होर्डिंगवाल्या हुसेनबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर तिला तिथं मिळालं. त्यांनाही बाजूला उभं राहून कळत नसणार. खाली उतरून रस्ता ओलांडावा लागत असणार.

(अनंत चतुर्दशी. गर्दी, ढोल, आखाड्यांच्या लाठ्या.)

त्या रात्री ती ट्रॉलीच्या मागून चालत होती. पायात चपला, खांद्यावर झोळी, झोळीत ब्रश नाही, राळेची पुडी. कृष्णपुऱ्याजवळ पावसाची एक सर आली, पट्टा भिजला, आणि यशोदेचे दोन्ही हात हवेत थांबले. मोटर फिरतेय, पट्टा नुसताच घसरतोय. दाजींना गुडघ्यामुळे चढवेना. मग तीच वर चढली, पट्टा फडक्यानं पुसला, दाजींनी दाखवली होती तशी राळ चोळली. खाली बापाच्या खांद्यावर बसलेला एक पोरगा ओरडला, "भिया, माखन कब निकलेगा?"

हात हलला. आधी डावा.

(सकाळ. शेड. पत्र्यावरून पाणी ठिबकतंय.)

दुसऱ्या दिवशी हात निघाले, मोटर निघाली, पेडलं निघाली. चेहरा तेवढा तिनं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वरच्या फळीवर ठेवला. पुढच्या वर्षी यशोदेची अहिल्याबाई करायचा विचार चाललाय. नाक थोडं घासावं लागेल म्हणते.