म्हशीचा भाव दुधावरनं

संध्याकाळचे साडेसहा, कोल्हापूरच्या गंगावेशीतला दूध कट्टा. म्हशी रस्त्याकडेला उभ्या, गिऱ्हाईकासमोर धार काढून फेसाळ ग्लास हातात देतायत, आणि ह्या गर्दीत आमचे काका, एसटीतनं रिटायर, एका हातात ग्लास अन् दुसऱ्या हातात दोनशेपानी वही.

वहीत आज पान उघडलंय आयटीसीचं, सिगारेटवाल्या कंपनीच्या शेअरचं. दुपारी भाच्याचा फोन, "मामा, शेअर स्वस्त हाय, वर १४३५ टक्के डिव्हिडंड, घेऊन टाका की!"

डिव्हिडंड म्हंजे नफ्यातला शेअरमागं मिळणारा वाटा. पण टक्के कशावर? तर फेस व्हॅल्यूवर, शेअरच्या मूळ छापील किमतीवर, अन् ती आहे १ रुपया. म्हणजे २०२४-२५ चा डिव्हिडंड झाला १४ रुपये ३५ पैसे, बास. शेअर समजा ४०० ला घेतला तर साडेतीन टक्क्यांच्या जरा वर पडले, तेही टॅक्स जायच्या आधी. एवढं तर एफडीतबी सुटतंय, उलट जास्तच. मग शेअर घ्यायचा तो डिव्हिडंड पुढं वाढेल म्हणून, नाहीतर कशाला?

पेन्सिल खाली सरकते. २०२२-२३ ला १५.५०, पण त्यातले २.७५ स्पेशल, एकदाचे, ते काढले तर १२.७५. तिथनं १४.३५. वाढ दिसतीय खरी, पण शेअरमागचा नफा त्याच दोन वर्षांत १५ च्या आसपासवरनं १६ च्या आसपास, म्हंजे दूध जवळपास तेवढंच, रेडकाला, म्हंजे कंपनीकडं, ठेवायचं कमी केलं अन् घागर भरली.

आता गंमत बघा. १ जानेवारी २०२५ ला हॉटेलचा धंदा वेगळा झाला, त्याचा एकदाचा हजारो कोटींचा कागदी फायदा त्या वर्षाच्या नफ्यात बसला, तो धरून पीई, म्हंजे भाव शेअरमागच्या नफ्याच्या किती पट, काढला तर १४-१५ येतो, शेअर लई स्वस्त वाटतो! तो वगळला की पीई थेट २५. भाचा स्वस्त म्हणत होता ते ह्याच्यावरनंच असणार. त्यात सिगारेटवरचा टॅक्स कधी वाढेल ते कुणाच्या हातात नाही.

कंपनी वाईट म्हणत नाहीत हं काका. फक्त ह्या भावाला नको. साडेचार टक्के तरी सुटले पाहिजेत, म्हणून १४.३५ ला ०.०४५ नं भागतात, तोंडीच, आणि पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहितात, ३२०. पेननं नाही.

"अजून एक देऊ काय काका?"

"आज किती रुपयाला?"